चालत्या ट्रकातला गारवा



१९३९ साली अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानं थिएटरात तिकिटं देणाऱ्या एका यंत्राची नोंद केली. शोधकाचं नाव फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स. पुढं १९६० सालच्या एका थर्मोस्टॅटच्या पेटंटावर पुन्हा हेच नाव दिसतं. या दोन टोकांच्या मध्ये जोन्सची एकूण ६१ पेटंटं आहेत आणि त्यांतली ४०च्या आसपास शीतकरणाची आहेत. सिनेमाचं तिकीट आणि मांसाचा ट्रक यांचं एकमेकांशी काय नातं, असं कुणालाही वाटेल. मला मात्र या यादीत एकच माणूस एकाच प्रश्नामागं लागलेला दिसतो. माणूस जवळ नसताना यंत्रानं आपलं आपण कसं वागावं, हा तो प्रश्न.

जोन्सचा जन्म १८९३चा, ओहायो नदीच्या काठच्या सिनसिनाटी परिसरातला. आई लहानपणीच गेली, वडिलांनी मुलाला एका कॅथलिक पाद्र्याच्या हवाली केलं. शाळा सहावीच्या आसपास सुटली आणि पोरगा मोटार गॅरेजात शिरला. पुढं १९१२मध्ये तो मिनेसोटा राज्यातल्या हॅलक गावी आला. कॅनडाच्या सीमेजवळचं हे छोटं शेतीचं गाव. तिथल्या एका मोठ्या शेतावरची यंत्रं दुरुस्त करायची, असं त्याचं काम होतं. त्याच्यासारख्या कृष्णवर्णीय माणसाला त्या काळच्या अमेरिकेत इंजिनीअर म्हणून कुणी दारातही उभं केलं नसतं. हॅलकमध्ये मात्र बिघडलेला ट्रॅक्टर चालू करणाऱ्याची जात-जमात विचारायला फारशी कुणाला फुरसत नव्हती. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्सला गेला, तिथं सैन्याच्या विजेच्या तारा सांभाळल्या आणि परत हॅलकलाच आला. आल्यावर त्यानं गावच्या रेडिओ केंद्रासाठी ट्रान्समीटर बांधला. रेडिओवरून त्याच्याविषयी बोलताना ही गोष्ट गाळणं मला शक्य नाही.

मग बोलपट आले. गावच्या थिएटरात मूकपटाचे प्रोजेक्टर होते आणि नवी ध्वनियंत्रणा छोट्या थिएटरला परवडणारी नव्हती. जोन्सनं भंगारातल्या सुट्या भागांतून ती घरीच बनवली. फिल्मच्या कडेला आवाजाची एक बारीक पट्टी असते. तिच्यातून दिव्याचा प्रकाश जातो, तो कमी-जास्त होत प्रकाशविद्युत घटावर पडतो, घटातून तसाच कमी-जास्त होणारा अगदी क्षीण प्रवाह निघतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तो लाउडस्पीकर हलवण्याइतका मोठा करतो. फिल्म जरा थरथरली की आवाजही थरथरतो. म्हणजे हादरे आणि सर्किट यांचं वैर जोन्सला तिथंच कळलं. मिनिआपोलिसला सिनेमाची ध्वनियंत्रणा बनवणाऱ्या जोसेफ न्यूमेरोनं त्याला नोकरीला घेतलं ते याच कामामुळं.

शीतकरणाकडं तो वळला १९३८मध्ये. गोल्फच्या मैदानावर न्यूमेरोच्या ओळखीच्या एका ट्रकवाल्यानं उन्हात कोंबड्यांचा माल सडल्याची तक्रार केली आणि न्यूमेरोनं थट्टेत ‘आम्ही करून देऊ’ म्हणून टाकलं, अशी कथा सांगतात. कथा जरा जास्तच गोल आहे, पण अडचण खरी होती. तोवर नाशवंत माल बर्फ घालून न्यायचा आणि वाटेत बर्फ संपला की पुन्हा भरायचा, ही रीत होती. यंत्रानं गारवा तयार करणं नवं नव्हतं, शीतगृहं केव्हाचीच होती. पण ती जमिनीला घट्ट बसवलेली. ट्रकच्या धक्क्यांनी नळ्यांचे सांधे सुटतात, वायू गळतो आणि शेकडो मैल देखरेखीला कुणी नसतं, कारण ड्रायव्हर पुढं गाडी हाकत असतो.

जोन्सचं पहिलं यंत्र ट्रकच्या पोटाखाली बसवलेलं होतं. रस्त्याचा चिखल आणि पाणी थेट त्यावर उडायचं. मग ते डब्याच्या पुढच्या भिंतीवर, वर उचलून बसवलं. आजही शीतट्रकाच्या केबिनच्या डोक्यावर जी चौकोनी पेटी दिसते, तिची जागा अशी ठरली. वाहनासाठीच्या वातानुकूलन यंत्राचं त्याचं पेटंट डिसेंबर १९४२चं.

माझ्या मते खरी गंमत त्याच्या पुढच्या पेटंटांत आहे. १२ जुलै १९४९ या एकाच दिवशी त्याला लागोपाठच्या क्रमांकांची तीन पेटंटं मिळाली, त्यांतलं एक स्टार्टर-जनरेटरचं. गारवा तयार करणारा कॉम्प्रेसर फिरवायला एक छोटं पेट्रोल इंजिन. ते सुरू करायला विजेची मोटर लागते आणि बॅटरी भरत राहायला जनरेटर. जोन्सनं दोन्ही कामं एकाच यंत्राकडून करून घेतली. आधी ते मोटर म्हणून इंजिनाला ढकलतं, इंजिन चालू झालं की तेच जनरेटर बनून बॅटरी भरतं. त्याच महिन्यात थर्मोस्टॅटनं इंजिन चालवण्याचंही पेटंट आलं. डबा तापला की थर्मोस्टॅट सर्किट जोडणार, इंजिन आपोआप सुरू होणार, हवं तेवढं गार झालं की बंद. ड्रायव्हरनं मागं वळून बघायचीही गरज नाही.

मिनेसोटाच्या माणसाला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. तिथल्या हिवाळ्यात माल गरम होण्यापेक्षा गोठून जाण्याची भीती मोठी. म्हणून १९५०चं त्याचं एक पेटंट गारवा आणि ऊब दोन्ही देणाऱ्या यंत्राचं आहे. गार नळ्यांवर हवेतला ओलावा गोठून थर साचतो आणि हवाच अडते. घरच्या फ्रीजमध्ये आपण बर्फ खरवडून काढतो, धावत्या ट्रकात कोण काढणार? ते काम यंत्रानंच करावं याचं पेटंट १९५४चं.

त्याआधी, दुसऱ्या महायुद्धात, जोन्सच्या सुरुवातीच्या यंत्रांनी रक्त, औषधं आणि अन्न आघाडीपर्यंत पोचवलं. १९४४मध्ये अमेरिकेतल्या शीतकरण अभियंत्यांच्या संस्थेनं त्याला सदस्य करून घेतलं. तिथला तो पहिला कृष्णवर्णीय. पेटंटांवर नाव जोन्सचं, हक्क मात्र न्यूमेरोच्या कंपनीचे. ही कंपनी पुढं ‘थर्मो किंग’ म्हणून जगभर गेली. १९६१मध्ये तो वारला. राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक त्याला आणि न्यूमेरोला दिलं गेलं ते १९९१मध्ये. तीस वर्षं उशिरा, आणि तेही मालकाबरोबर वाटून. मला हे जरा खटकतं, पण न्यूमेरोनं धंद्याची जोखीम घेतली नसती तर ही पेटंटं कागदावरच राहिली असती, हेही तितकंच खरं.

जोन्सचा तो प्रश्न आज आपल्याकडंही भेटतो. नाशिकची द्राक्षं न्हावाशेवा बंदरातून रीफर म्हणजे शीत कंटेनरमध्ये युरोपला जातात. बागायतदारांना एक गोष्ट पक्की माहीत असते. तापलेली द्राक्षं गार करणं कंटेनरला झेपत नाही. आधी पॅकहाउसमध्ये प्रीकूलिंग करून ती शून्य अंशाजवळ आणावी लागतात. कंटेनर तो गारवा फक्त टिकवतो आणि त्यासाठी त्याच्यातला नियंत्रक तपमान सतत तपासत राहतो. बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरला लावलेला जनरेटर त्याला वीज पुरवतो, बोटीवर चढल्यावर बोट पुरवते, आणि समुद्रावरचे पुढचे कित्येक आठवडे गारवा राखण्याचं काम हा नियंत्रक करत असतो.