यंत्र हरवले, तर माहितीचा धनी कोण?



आज आम्ही तुमच्याशी एका ठेवीबद्दल बोलणार आहोत. ही ठेव सोन्याची नाही, धान्याची नाही. ती आहे आपल्या माहितीची.

आपले नाव, आधार क्रमांक, बँकेचे खाते, फोनचा नंबर, सही, ही सारी आपली माहिती. पूर्वी ती वहीत असे आणि वही कपाटात असे. आता ती लॅपटॉपमध्ये असते. लॅपटॉप म्हणजे मिटून पिशवीत नेता येणारा संगणक.

गावच्या दूध संस्थेचंच घ्या. आपण दूध घालतो, पैसे बँकेत जमा होतात. त्यासाठी संस्थेने आपल्याकडून पासबुकाची आणि आधार कार्डाची नक्कल घेतलेली असते. दोनशे सभासद असले, तर दोनशे घरांचे कागद त्या एका यंत्रात असतात.

आता समजा, ते यंत्र बंद पडलं. सचिवांनी ते तालुक्याला दुरुस्तीला दिलं. आठ दिवसांनी आणायला गेले, तर दुकानदार म्हणतो, "साहेब, तुमचा लॅपटॉप सापडत नाही. मी दुसरा देतो, मग झालं ना?" सचिव गावात येऊन सांगतात, "दुकानदाराने हरवला. त्यात आमचा काय दोष?"

हा हिशेब बरोबर आहे का? आम्ही म्हणतो, नाही. इथे एक नव्हे, दोन वस्तू गेल्या आहेत. एक यंत्र आणि दुसरी त्यातली माहिती. दोन्हींची जबाबदारी वेगवेगळी आहे.

आधी यंत्राचे पाहू. आपण सोनाराकडे पाटली उजळायला देतो, शिंप्याकडे कापड देतो. वस्तू त्याच्या हाती जाते, पण मालकी आपलीच राहते. या व्यवहाराला कायद्यात 'निक्षेप' म्हणतात. १८७२ सालचा करार कायदा सांगतो की, शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी दुकानदाराने आपल्या वस्तूची घेतली पाहिजे. तेवढी काळजी घेऊनही घरफोडी झाली, तर गोष्ट निराळी. पण काळजी घेतली होती, हे त्याने दाखवायला हवे. 'माल हरवल्यास आम्ही जबाबदार नाही' अशी पाटी भिंतीवर लावली, म्हणून तो आपोआप मोकळा होत नाही.

म्हणजे यंत्राचा जाब दुकानदाराला विचारायचा. तो दुसरे यंत्र देईल, नाही तर किंमत देईल. पण माहितीची भरपाई अशी होते का? खाते क्रमांक एकदा परक्या हाती गेला, की तो परत मागून आणता येत नाही.

मग माहितीचा जाब कोणाला विचारायचा? मंडळी, आपण आपले कागद दुकानदाराला दिले होते काय? दुकानदाराला तर आपण ओळखतही नाही. कागद आपण संस्थेला दिले. विश्वास संस्थेवर ठेवला. तेव्हा पहिला जाब संस्थेनेच द्यायचा. दुकान कोणते निवडावे, यंत्र कसे द्यावे, हे संस्थेनेच ठरवले ना?

आता कायद्यानेही हेच म्हटले आहे. आपली खाजगी बाब जपणे हा आपला मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. पुढे २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. जबाबदारीची मुख्य कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची, असे ठरले. या कायद्यात दोन गोष्टी मोठ्या आहेत. जो आपली माहिती गोळा करतो, त्याने ती जपायची. काम दुसऱ्याकडून करून घेतले, तरी जबाबदारी त्याचीच. आणि माहिती परक्या हाती गेली, तर ज्याची ती माहिती, त्याला कळवायचे. हे कळवणे लपवता येत नाही.

दुकानदार मात्र माहितीच्या बाबतीत अगदी सुटला, असे नाही. मालकाच्या परवानगीवाचून कोणी यंत्रातली माहिती लबाडीने काढून घेतली, तर २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कोणी म्हणेल, "यंत्राला पासवर्ड होता. चोराला आत शिरता येणार नाही." पण पासवर्ड ही नुसती दाराची कडी. माहिती साठवणारा भाग यंत्राच्या पोटात असतो. त्याला डिस्क म्हणतात. ती काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, की कडी तिथेच राहते आणि कागद उघडे पडतात. यावर उपाय आहे. सगळी डिस्क सांकेतिक लिपीत ठेवायची. आपण अक्षरे शिकलो नव्हतो, तेव्हा कागद हाती असून मजकूर आपल्याला बंद होता. तसेच हे आहे. किल्ली नसेल, त्याला डिस्क मिळूनही वाचता येत नाही. ही सोय पुष्कळ यंत्रांत असते. ती आधी चालू करून घ्यावी लागते, एवढेच.

म्हणून यंत्र दुरुस्तीला देण्यापूर्वी हे करावे. माहितीची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. डिस्क निघत असेल, तर काढून घ्यावी. पडदा फुटला किंवा बॅटरी गेली, तर दुरुस्तीला आतले कागद लागत नाहीत. दुकानदाराकडून सहीची पावती घ्यावी. पावतीवर तारीख, यंत्राचा क्रमांक आणि परत देण्याचा दिवस लिहून घ्यावा. आता आपल्याला वाचता येते. पावती नुसती खिशात घालू नये, तिथेच उभे राहून वाचावी.

आणि हरवलेच तर? गप्प बसू नये. पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी व तिची प्रत घ्यावी. दुकानदाराला लेखी पत्र द्यावे. संस्थेने त्याच दिवशी सभासदांना सांगावे, कोणते कागद त्यात होते. लाज वाटली म्हणून चार दिवस दडवले, तर त्या चार दिवसांत ठग काम उरकतो. त्याच्याजवळ आपले नाव, खाते, सारे काही असते. तो फोन करतो, "बँकेतून बोलतोय. तुमच्या खात्याचा नंबर हाच ना? आता मोबाईलवर आलेला आकडा सांगा." तो आकडा म्हणजे ओटीपी. तो कोणालाही सांगायचा नाही. सभासदाला आधीच इशारा मिळाला असेल, तर तो फसत नाही. तरीही पैसे गेले, तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. जेवढा उशीर कमी, तेवढे पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

तुमचा घरचा लॅपटॉप किंवा फोन दुकानात हरवला आणि दुकानदार दाद देत नसेल, तर ग्राहक म्हणून १९१५ वर विचारा. तेवढ्याने भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही.

संस्था आपलीच आहे. सचिव आपल्याच गावचे आहेत. त्यांच्याशी भांडण मांडा, असे आम्ही म्हणत नाही. पण येत्या सभेत उभे राहून तीन प्रश्न विचारा. आमचे कोणते कागद यंत्रात आहेत? डिस्क सांकेतिक लिपीत ठेवली आहे का? यंत्र दुरुस्तीला जाते, तेव्हा काय करता? उत्तरे इतिवृत्तात लिहायला सांगा. आणि पुढच्या सभेत ते इतिवृत्त मागून घेऊन स्वतः वाचून पाहा.