हप्ता पुढे गेला, विम्याची तारीख नाही



आज गाडीच्या विम्याविषयी बोलू या. विशेषतः ज्या घरात गाडीचं कर्ज थकलं आणि बँकेने हप्ते नव्याने बांधून दिले, त्या घराविषयी.

दूध, भाजी, मंडपाचं सामान वाहायला आपल्या गावागावांत कर्जावर गाड्या आल्या. पाऊस लांबला, भाव पडला, की पहिला फटका हप्त्याला बसतो. कर्जमाफीची वाट बघून इथे भागत नाही. २०१९ साली जाहीर झालेली महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना पीककर्जासाठी होती, गाडीचं कर्ज त्यात बसत नव्हतं. मग बँकेत अर्ज करून मुदत वाढवून घ्यावी लागते.

मुदत वाढली की घरात जरा मोकळं वाटतं. त्यातच विम्याची तारीख येते आणि कुणीतरी म्हणतं, “हेही दोन महिने पुढे ढकलू.” मैत्रिणींनो, इथेच सांभाळा. बँकेने सवलत दिली ती कर्जाला. विमा पॉलिसीवरच्या तारखेलाच संपतो, आणि नवे पैसे भरल्याशिवाय नवा विमा सुरू होत नाही.

विमा नसताना गाडी रस्त्यावर काढली, तर मोटार वाहन कायद्याने पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुन्हा सापडलात तर दंड ४,००० रुपये. पण खरी भीती दंडाची नाही. आपल्या गाडीने कुणाला धडक बसली, माणूस दगावला, तर नुकसानभरपाई गाडीच्या मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. ती रक्कम गाडीच्या कर्जापेक्षा कितीतरी मोठी असू शकते. गाडी तुमच्या नावावर असेल, तर नोटीसही तुमच्याच नावाने येते, चालवणारा कुणीही असो.

आमच्या एका गटातल्या ताईंकडे काय झालं ते ऐका. त्यांनी विम्याचा चेक वेळेवर दिला. दुधाचे पैसेही खात्यात जमा झाले होते. पण कर्ज त्याच बँकेचं. बँकेने आलेले पैसे थकलेल्या हप्त्यात वळते केले आणि चेक परत गेला. चेक वटला नाही म्हणून विमा रद्द झाला. एजंटाचा फोन येईपर्यंत बारा दिवस गाडी विम्याशिवाय धावत होती. गटाने त्या आठवड्यात अंतर्गत कर्ज दिलं, ताईंनी पैसे रोख भरले, कंपनीच्या माणसाने गाडी तपासली आणि नवा विमा झाला. नशीब, त्या बारा दिवसांत काही घडलं नाही.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा.

एक, मुदतवाढीचा अर्ज करताना घरखर्चाच्या हिशोबात विम्याची रक्कम लिहाच. हप्ता ठरताना ती धरली गेली पाहिजे. विमा ९,६०० रुपये असेल, तर महिन्याला ८०० रुपये बाजूला पडायला हवेत.

दोन, विम्याचे पैसे कर्जाच्या खात्यातून देऊ नका. दुसऱ्या खात्यातून किंवा रोख भरा आणि कंपनीची पावती घ्या.

तीन, फक्त थर्ड पार्टी विमा स्वस्त पडतो. पण त्यात समोरच्याचं नुकसान भरून मिळतं, आपल्या गाडीचं नाही. कर्ज असेपर्यंत बँकेच्या करारात बहुतेक वेळा पूर्ण विम्याची अट असते. आपण तो केला नाही, तर बँक स्वतः विमा काढून ती रक्कम कर्जात वाढवू शकते. करारात काय लिहिलंय ते आधी विचारा.

चार, एजंट म्हणाला, “गाडीची किंमत कमी दाखवू, हप्ता कमी येईल,” तर थांबा. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली, तर तेवढीच किंमत मिळते आणि त्यातून आधी बँकेचं कर्ज वळतं होतं. किंमत कमी असेल तर गाडीही गेली आणि कर्जही उरलं, अशी गत होते.

पाच, वर्षभर दावा केला नसेल, तर पुढच्या विम्यात सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत. विमा संपल्यावर ९० दिवसांत नवा केला नाही, तर ही सूट जाते. पण त्या ९० दिवसांत गाडीला संरक्षण असतं, असा गैरसमज करून घेऊ नका. ते दिवस फक्त सूट टिकवण्यासाठी आहेत.

आणि एक बायकांसाठी. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा मालकाकडे वाहन परवाना असेल तरच लागू होतो. गाडी तुमच्या नावावर आणि परवाना नवऱ्याकडे असेल, तर हे कंपनीला विचारून घ्या.

आम्ही आमच्या गटांत आता एक वही ठेवली आहे. कुणाच्या गाडीचा विमा कधी संपतो, ते त्यात लिहितो आणि दोन महिने आधीच्या बैठकीत वाचून दाखवतो. कमी पडले, तर अंतर्गत कर्जाचा ठराव तेव्हाच होतो. तुम्हीही येत्या बैठकीला पॉलिसीचा कागद बरोबर आणा, तारीख सगळ्यांसमोर वाचा आणि वहीत लिहून घ्या.