प्रमाणपत्रावरची सही

(छोट्या सेवासंस्थांच्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे शब्दांकन)



परीक्षा जवळ आल्या की छोट्या सेवासंस्थेच्या दारात एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. महाविद्यालयातील एखादा विद्यार्थी छापील अर्ज घेऊन येतो. सोबत कधी वडील असतात, कधी संस्थेच्या हितचिंतकाची चिठ्ठी असते. अर्जावर कामाच्या तासांचा रकाना असतो आणि खाली सही-शिक्क्याची जागा असते. विनंती साधी असते, ‘अभ्यासाचा फार ताण आहे हो, तेवढी सही मिळाली तर बरे होईल.’ मुलगा चांगल्या घरातला असतो. वडील दरवर्षी दिवाळीला न चुकता देणगी देणारे असतात. कार्यकर्त्याचा हात क्षणभर अडखळतो आणि मग शिक्का उमटतो. कोणाचेच काही बिघडले नाही, असे सर्वांना वाटते.

बिघडते ते याच क्षणी. ज्या मुलाने वस्तीत एक संध्याकाळही घालवलेली नाही, त्याला समाजकार्याचा पहिला पाठ मात्र मिळालेला असतो. सेवा कागदावरही करता येते, हा तो पाठ. समाज ज्या संस्थेकडे विश्वासाने पाहतो, तिच्याच कार्यालयात तो त्याला मिळतो. उद्या हा मुलगा अभियंता होईल, अधिकारी होईल. झालेल्या कामाचा दाखला देण्याचा अधिकार त्याच्या हाती येईल. न झालेल्या रस्त्याच्या कागदावर सही करताना तेव्हा त्याचा हात कशासाठी अडखळावा?

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. तिच्या स्वयंसेवक विद्यार्थ्याने वर्षाला १२० आणि दोन वर्षांत २४० तास समाजासाठी द्यावेत, अशी अपेक्षा असते. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात तर क्षेत्रकार्य पहिल्यापासूनच अनिवार्य आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या विद्यार्थ्यांनाही प्रत्यक्ष कामाचे श्रेयांक मिळू लागले. २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिपसाठी मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. एका श्रेयांकासाठी ३० तास हा त्यातला सर्वसाधारण हिशेब आहे. म्हणजे दोन श्रेयांकांसाठी ६० तास. मोठ्या कंपन्यांची दारे सर्वांसाठी उघडत नाहीत. त्यामुळे पुष्कळ विद्यार्थी गल्लीतल्या अभ्यासिकेकडे, वृद्धाश्रमाकडे, बालकाश्रमाकडे वळणार, हे उघड आहे. या येणाऱ्या मुलांचे काय करायचे, याचा विचार संस्थांनी आधीच करून ठेवलेला बरा.

सेवेपूर्वी शिक्षण हवे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली, तेव्हा नव्या सदस्यासाठी पाच वर्षांच्या प्रशिक्षणाची अट घातली होती. देशसेवेची इच्छा पुरेशी नाही, तिला अभ्यासाची जोड हवी, अशी त्यांची धारणा होती. १९१५ च्या प्रारंभी गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतले. लढ्याचा एवढा अनुभव गाठीशी असलेल्या त्या माणसालाही गोखल्यांनी वर्षभर देश पाहावा आणि सार्वजनिक प्रश्नांवर मतप्रदर्शन करू नये, असेच सुचविले. गोखले त्याच वर्षी फेब्रुवारीत निवर्तले. गांधीजींनी मात्र तो शब्द पाळला. आधी पाहणे, ऐकणे आणि मग बोलणे, हा क्रम थोरांनाही चुकला नाही.

औपचारिक शिक्षणातही हेच सूत्र दिसते. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय सुरू झाले. आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते ती हीच संस्था. भायखळ्याजवळच्या नागपाडा वस्तीत क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी चालविलेल्या सेवाकेंद्रात तिचा आरंभ झाला आणि तेच तिचे पहिले संचालक झाले. वर्ग आणि वस्ती यांच्यात अंतर असू नये, ही त्यामागची दृष्टी. क्षेत्रकार्यात विद्यार्थ्यावर पर्यवेक्षक असतो, विद्यार्थ्याने नोंदी लिहायच्या असतात आणि त्या नोंदींवर चर्चा व्हायची असते. या तीन गोष्टी गळून पडल्या की क्षेत्रकार्याची केवळ हजेरी उरते.

आता छोट्या संस्थेचा व्यवहार पाहावा. एक पूर्णवेळ कार्यकर्ती, दोन-तीन अर्धवेळ शिक्षिका, संध्याकाळची अभ्यासिका आणि महिन्याअखेर जमाखर्चाची ओढाताण, असे बहुतेक संस्थांचे चित्र असते. तिथे एकदम आठ विद्यार्थी आले, तर आनंदापेक्षा अडचणच अधिक होते. विद्यार्थी म्हणजे फुकटचे हात, हा समज पहिल्याच आठवड्यात दूर होतो. त्याला वस्ती दाखवावी लागते, पालकांशी ओळख करून द्यावी लागते, चुकले तर सावरावे लागते. हा सारा वेळ त्या एकाच कार्यकर्तीच्या दिवसातून जातो. म्हणून जेवढ्यांना रोज वेळ देता येईल, तेवढ्यांनाच प्रवेश द्यावा. दोन असतील तर दोनच. महाविद्यालयाला नम्रपणे नकार कळविण्यात संस्थेचा कमीपणा नाही.

६० तास म्हणजे रोज चार तासांप्रमाणे १५ दिवस. एवढ्या अवधीत पुरे होईल असे एकच काम विद्यार्थ्याच्या हाती द्यावे. अभ्यासिकेतील पुस्तकांची नोंद करून देण्याची पद्धत बसविणे, कोणत्या मुलाकडे आधार कार्ड वा जातीचा दाखला नाही आणि शिष्यवृत्तीचा अर्ज कुणाचा राहिला आहे याची घरोघर जाऊन यादी करणे, देणगीदारांच्या जुन्या पावत्या संगणकावर चढविणे. ही कामे लहान दिसतात. पण विद्यार्थी गेल्यावरही ती संस्थेच्या उपयोगी पडतात. शिवाय एका दाखल्यासाठी एखाद्या आईला रोजंदारी बुडवून किती खेपा घालाव्या लागतात, हे यादी करता करता त्याला समजते. व्याख्यानातून ते समजत नाही.

याउलट एक काम मात्र पंधरा दिवसांसाठी आलेल्या विद्यार्थ्याकडे सोपवू नये. ते म्हणजे लहान मुलांचा ‘दादा’ किंवा ‘ताई’ होणे. वस्तीतली, विशेषतः बालकाश्रमातली मुले पटकन जीव लावतात. नवी ताई येते, गाणी शिकवते, केसांना रिबिनी बांधते आणि एका सोमवारी येतच नाही. वर्षात असे तीनदा घडले की चौथ्या ताईला मुले पहिल्याच दिवशी विचारतात, ‘तुम्ही पण जाणार का?’ विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा झालेले असतात, त्या मुलांच्या खात्यात मात्र आणखी एक ताटातूट जमा होते. म्हणून विद्यार्थी किती दिवसांसाठी आला आहे, हे पहिल्याच दिवशी मुलांना सांगावे. तो नेहमीच्या शिक्षिकेच्या सोबतीने वावरावा आणि शेवटच्या दिवशी त्याने रीतसर निरोप घ्यावा. निरोप घेऊन जाणे हाही संस्कारच आहे.

भ्रमणध्वनीतल्या कॅमेऱ्याचा प्रश्नही याच ठिकाणी येतो. अहवालाला छायाचित्र हवे म्हणून मुलांचे चेहरे टिपले जातात आणि त्याच रात्री ते समाजमाध्यमांवर पोहोचतात. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायदा आहेच. पण आपल्या घरातल्या लेकराचे चित्र परक्याने न विचारता चारचौघांत मांडलेले कुणाला चालेल, एवढा एक प्रश्न विद्यार्थ्याला विचारला तरी पुरेसा असतो.

येणाऱ्या विद्यार्थिनींची सुरक्षितता ही संस्थेचीच जबाबदारी आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी आणि विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रियांनाही लागू होतो. दहा किंवा अधिक जण काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान संस्थेतील तक्रारीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. ‘आपल्याकडे सगळी घरचीच माणसे आहेत’ असे म्हणून ही माहिती सांगायचे टाळू नये. पहिल्या दिवशी ती सांगावी, सायंकाळी परतण्याची वेळ ठरवावी आणि गृहभेटीला विद्यार्थिनीला एकटीला धाडू नये.

रोजची नोंदवही हा या साऱ्या व्यवस्थेचा कणा होय. विद्यार्थ्याने रोज किती वाजता आलो, काय केले, काय पाहिले आणि काय समजले नाही, हे दहा ओळींत लिहावे. आठवड्यातून एकदा कार्यकर्त्याने तासभर त्याच्यासह बसून ते वाचावे. हाच तास टाळण्याचा मोह सर्वांत अधिक होतो, आणि विद्यार्थी घडतो तोही याच तासात. ‘ही माणसे बचत का करत नाहीत?’ असे पहिल्या आठवड्यात लिहिणारा मुलगा यादीची घरे फिरून झाल्यावर ‘यांचे महिन्याचे उत्पन्न ठरलेलेच नाही’ असे लिहू लागला, तर ते तास सत्कारणी लागले असे समजावे.

आणि मग सही. ती नोंदवहीवरून व्हावी. ६० तासांपैकी ४१ तास काम झाले असेल, तर प्रमाणपत्रावर ४१ लिहावेत आणि उरलेले १९ तास पूर्ण करण्यासाठी दिवस नेमून द्यावेत. हे कठोर वाटेल. क्वचित एखादा हितचिंतक दुखावेल, दिवाळीची पावती फाटणार नाही. छोट्या संस्थेला अशी एक पावतीही जड जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु जमीन नाही, इमारत नाही, ठेवी नाहीत अशा संस्थेची सारी मालमत्ता तिच्या शब्दात असते. तो शब्द एका पावतीसाठी विकला, तर दुसऱ्या देणगीदाराने तिच्या जमाखर्चावर तरी विश्वास का ठेवावा?

पालकांचाही यात वाटा आहे. मुलाच्या गुणपत्रिकेतील एकेका गुणाचा हिशेब ठेवणाऱ्या घरांनी या तासांचाही हिशेब विचारावा. ‘सही मिळाली का?’ याऐवजी ‘आज वस्तीत काय पाहिलेस?’ हा प्रश्न रात्रीच्या जेवणाच्या वेळी विचारला गेला, तर संस्थेचे निम्मे काम घरातच होईल.

तेव्हा पुढच्या वेळी तो अर्ज घेऊन वडील आणि मुलगा दारात उभे राहतील, त्या वेळी त्यांना आत बसवावे. चहा द्यावा. अर्ज त्यांच्याच हाती परत द्यावा आणि म्हणावे, ‘परीक्षा होऊ द्या. सोमवारपासून दुपारी तीनला पाठवा. घराघरांतून फिरून दाखल्यांची यादी करायची आहे, आम्हाला माणूस हवाच आहे.’ मुलगा आला, तर पंधरा दिवसांनी त्याच अर्जावर होणारी सही त्याला जन्मभर पुरेल.