सहलीचा डबा कोणी करायचा?

आम्ही कात्रपहून बोलतोय. कात्रप म्हणजे बदलापूर पूर्वेचा, कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचा भाग. एकेकाळचं गाव, आता इमारतीच इमारती. आमच्या बचत गटांमध्ये मूळच्या इथल्या आगरी-कुणबी बाया आहेत, साताऱ्याकडच्या आहेत, कोकणातल्या आहेत, खानदेशातून आलेल्याही आहेत. आज आम्ही हप्त्याबद्दल किंवा बँकेबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय ते घरच्यांना घेऊन एक दिवस फिरून येण्याबद्दल आणि बाहेरच्या जेवणाबद्दल. महाबळेश्वरला नव्हे बरं का. अंबरनाथ, उल्हासनगर, नेरळ, आपल्या पायाशी असलेल्या या गावांत.

तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे? तर ऐका. एका बैठकीत आम्ही सगळ्याजणींना विचारलं, की लग्न, बारसं, दहावं आणि नवसाचं देवदर्शन सोडून मागच्या वर्षात घरच्यांबरोबर कुठे गेलात? बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक मावशी म्हणाल्या, "दवाखान्यात." सगळ्या हसलो. ज्या दोघी-तिघी खरंच फिरून आल्या होत्या, त्यांना विचारलं की मजा आली का? त्या म्हणाल्या, आली, पण पहाटे चारला उठून चाळीस पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि मसालेभात केला. तिथे पोचल्यावर वाढलं, उरलेलं बांधलं, घरी येऊन डबे घासले. म्हणजे घरच्यांची सहल झाली आणि बाईचा स्वयंपाक दुसऱ्या गावी जाऊन झाला.

तेव्हापासून आमच्या गटांत एक ठरलंय. सहलीच्या दिवशी घरच्या बाईने चूल पेटवायची नाही. नाश्ता बाहेर, जेवणही बाहेर. आणि पोळीभाजी बांधून न्यायचीच असेल तर गटातली जी बाई पोळीभाजीचा धंदा करते, तिच्याकडून विकत घ्यायची. यावर घरातून काय काय ऐकावं लागतं ते तुम्हाला माहीत आहे. "एवढे पैसे?" "बाहेरचं तेल कसलं असतं?" "आईंना चालणार नाही." ही बोलणी काही अगदी खोटी नसतात. म्हणूनच कुठे जायचं आणि काय खायचं हे आधी ठरवलेलं बरं.

आमचा सगळ्यात आवडता दिवस उल्हासनगर आणि अंबरनाथ असा जोडून केलेला. सकाळी लवकरची लोकल धरायची आणि अंबरनाथला न उतरता पुढे थेट उल्हासनगर गाठायचं. कारण तिथला दाल पकवान हा सकाळचा नाश्ता. उशिरा गेलात तर संपलेला असतो.

उल्हासनगर म्हटलं की आपल्याला जीन्सचे कपडे आणि फर्निचर आठवतं. पण हे गाव वसलं कसं ते मुलांना जरूर सांगा. १९४७ साली फाळणी झाली आणि सिंधमधून लाखो माणसं घरदार सोडून निघाली. त्यातल्या पुष्कळांना कल्याणजवळच्या लष्कराच्या रिकाम्या छावणीत आसरा मिळाला. लष्कराच्या बराकीत, मध्ये गोणपाटाचे पडदे लावून कुटुंबं राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. आजही तिथे पत्ता सांगताना कॅम्प नंबर एक ते पाच असंच सांगतात, तो त्या छावणीचाच शब्द. या निर्वासित बायकांनी घरात पापड लाटले, लोणची घातली आणि त्यावर संसार उभे केले. तेव्हा बचत गट हा शब्दही नव्हता. पापड लाटणाऱ्या आमच्या बायांना हे ऐकून फार जवळचं वाटलं.

आता दाल पकवान. पकवान म्हणजे मैद्याची मोठी, कडक पुरी. फुगू नये म्हणून तळण्याआधी तिला टोचे मारतात. सोबत शिजवलेली चण्याची डाळ, वरून चिंचेची गोड चटणी, हिरवी चटणी, कच्चा कांदा. पकवान मोडायचं आणि डाळीत बुडवून खायचं. आजींना दात नसतील तर त्यांनी थोडं डाळीत भिजू द्यावं, मग जातं. पोट भरतं, शाकाहारी आहे, आणि चण्याच्या डाळीमुळे लवकर भूक लागत नाही. तिखट सोसत नसेल तर हिरवी चटणी वेगळी मागून घ्या. मिळालं तर कोकी पण बघा. ती कांदा, मिरची घातलेली जाड, खरपूस पोळी. आपल्या थालीपिठाची लांबची बहीणच म्हणा.

सिंधी कढी ऐकून आमच्यातल्या बायांना नवल वाटलं, कारण त्यात ताकच नसतं. बेसन तेलात खमंग भाजतात, चिंचेचा किंवा टोमॅटोचा आंबटपणा देतात आणि भेंडी, गवार, शेवग्याच्या शेंगा, बटाटा अशा भाज्या घालून उकळतात. खायची भाताबरोबर. ताक महाग झालं असेल त्या दिवशी घरी करून बघण्यासारखी आहे. आमच्याकडे दोन घरांत आता आठवड्याला होते.

हॉटेलात बसल्यावर एक गोष्ट पाळा. स्वतःची प्लेट वेगळी मागवा. आपल्याला सवय असते की मुलांच्या ताटात उरलं ते खाल्लं, नवऱ्याने अर्धं पुढे सरकवलं ते खाल्लं, आणि "झालं माझं" म्हणून पदराला हात पुसला. चार प्लेटांत पाच जणांचं भागवताना पाचवी कोण असते हे सांगायला नको. दुसरी गोष्ट, बसण्याआधीच विचारून घ्या की बायकांसाठी संडास आहे का, आणि त्याला आतून कडी आहे का. नसेल तर पुढच्या हॉटेलात जा. संकोच कसला? सकाळपासून पाणी न पिता फिरणाऱ्या कितीतरी बाया आम्ही पाहतो आणि मग लघवीची जळजळ घेऊन त्या आमच्याकडे गोळी विचारायला येतात. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, अंगावर पिणारं मूल असेल तर तिथे बसता येतं. रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावरही संडास आणि पिण्याचं पाणी फुकट वापरू देणं पंपवाल्याला बंधनकारक आहे.

नाश्ता करून परतीच्या गाडीने अंबरनाथ. पुढचंच स्टेशन. पूर्वेला उतरून शेअर रिक्षाने शिवमंदिर. हे मंदिर शके ९८२ चं, म्हणजे सन १०६० चं. शिलाहार राजा मम्मुणी याच्या काळातलं. साडेनऊशे वर्षांहून जुनं, सगळं काळ्या दगडाचं, आणि बाहेरच्या भिंतीवर बोटभर जागा मोकळी नाही इतकं कोरीव काम. १८६८ साली मुंबईच्या कला शाळेच्या विद्यार्थ्यांनी इथे मुक्काम करून त्याची चित्रं काढली आणि मूर्तींचे साचे घेतले होते. तिकीट नाही. मुलं दर्शन घेऊन दोन मिनिटांत कंटाळतात, म्हणून त्यांना काम द्या. तीन तोंडांची मूर्ती कुठे आहे ते शोधा, नाचणाऱ्या बाया किती ते मोजा. आमच्या मुलांनी तीन प्रदक्षिणा घातल्या, कोणी सांगितल्या नव्हत्या.

गाभारा जमिनीच्या खाली आहे, वीसेक पायऱ्या उतराव्या लागतात, त्याही उंच. गुडघे धरलेल्या सासूबाईंनी वरूनच हात जोडावेत, उगाच ईर्षेला पडू नये. उन्हाळ्यात दगडी फरशी इतकी तापते की अनवाणी पाय ठरत नाही. म्हणून हिवाळ्यात जा आणि अकराच्या आत जा. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते, ती बघायची हौस वेगळी, पण लहान मुलांना घेऊन निवांत बसायचं असेल तर तो दिवस टाळा. शेजारून वालधुनी नदी वाहते. कारखान्यांच्या पाण्याने तिचं काय झालंय ते वासावरूनच कळतं. मुलं विचारतील, त्यांना खरं सांगा.

दुपारी अंबरनाथलाच एखाद्या खाणावळीत थाळी घ्या. मोठ्या पाट्यांपेक्षा जिथे कामगार जेवतात तिथे पोळी ताजी असते, हा आमचा अनुभव. मुलांना मात्र चायनीज भेळच हवी असते. सगळ्यांत एक प्लेट घ्या, पण ती लालभडक असेल तर तेवढा रंग पोटात गेला असं समजा.

वर्षातून एकदा जरा लांब जायचं तर नेरळहून माथेरान. १९०७ सालची छोटी गाडी आहे, पण पावसाळ्यात नेरळहून ती बंद असते. तेव्हा शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जायचं, पुढे चालत किंवा अमन लॉजहून छोट्या गाडीने. वर मोटारींना बंदी, त्यामुळे मुलांना मोकळं सोडता येतं. खर्च मात्र जास्त. आणि जून लागताच बदलापूरचं जांभूळ विसरू नका. त्याला आता भौगोलिक मानांकन मिळालंय. टोपलीत पानं घालून विकायला बसणाऱ्या आदिवासी बायांकडूनच घ्या आणि तिच्याशी घासाघीस करू नका, ती पहाटे झाडाखाली जाऊन आलेली असते.

आता एक गोष्ट जड मनाने सांगायची आहे. कोंडेश्वर. बदलापूरजवळचं सुंदर ठिकाण, शंकराचं देऊळ, धबधबा, खाली कुंड. आणि जवळजवळ दर पावसाळ्यात तिथून बुडाल्याची बातमी येते. बहुतेक वेळा विशीतली पोरं, मित्रांबरोबर आलेली. कुंडाची खोली वरून कळत नाही, दगडाला शेवाळ असतं, आणि पोहता येणाऱ्यालाही पाणी खडकाच्या कपारीत ओढून नेतं. इथे ऊन असलं तरी मागे डोंगरात पाऊस झाला की लोंढा येतो. उल्हास नदीचंही तसंच, तिचं पाणी घाटातून उतरतं. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती, हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. अख्खी आगगाडी जिथे थांबली तिथे आपण लेकराचा हात धरून किती उभ्या राहणार?

पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधबे आणि धरणांच्या परिसरात जायला बंदी घालतात. बारवी धरणावरही. पोलीस परत पाठवतात तेव्हा पुरुषमाणसं आडवाटेने जायचं बघतात. आमच्या गटांत आम्ही ठरवलंय, की गाडीतून बाईने उतरायचंच नाही. बाई आणि मुलं उतरली नाहीत तर सहल पुढे जात नाही. आणि तरुण मुलगा "मित्रांबरोबर जातो" म्हणाला तर कुठे, कोणाबरोबर हे विचारायचं, तो चिडला तरी. बारवी बघायची तर पाऊस सरल्यावर, बंदी उठल्यावर, रस्त्यावरून. मुरबाडकडच्या ज्या मैत्रिणी हे ऐकत आहेत, त्यांच्यातल्या काहींचं तर माहेरच त्या पाण्याखाली आहे. धरणाची उंची वाढवली तेव्हा तोंडली, काचकोलीसारखी गावं उठली. आपण ज्याला नजारा म्हणतो ते कोणाचं तरी अंगण होतं, एवढं ध्यानात असू द्या.

पैशाचं म्हणाल तर कर्ज काढून सहल नको. गटाच्या अंतर्गत कर्जातून तर नकोच. आमच्याकडे प्रत्येकीचा आठवड्याला दहा रुपयांचा वेगळा डबा आहे. वर्षाचे पाचशे वीस होतात. उल्हासनगर-अंबरनाथचा दिवस पाच जणांच्या कुटुंबाला जवळपास त्यात बसतो, कारण लोकलचं तिकीट पाच-दहा रुपयांचं, पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही आणि बारापर्यंत अर्धं. एसटीने येणाऱ्यांना मार्च २०२३ पासून बाईचं तिकीट निम्मं आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना फुकट. आधार कार्ड मात्र सोबत ठेवा, वाहक वय विचारतो. हे पैसे नवऱ्याच्या खिशातून आले नाहीत, म्हणून कुठे जायचं यावर आपलं मत जरा जास्त ऐकलं जातं, हेही आम्ही पाहिलंय.

बहुतेक घरांना सुट्टी रविवारीच असते आणि रविवारीच मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. शनिवारच्या पेपरात कोणत्या स्टेशनांमध्ये, किती ते किती वाजेपर्यंत हे छापून येतं. ते बघूनच निघा. परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवा, म्हणजे संध्याकाळी झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन खिडकीपुढच्या रांगेत उभं राहावं लागत नाही.