मॉरिशसची फाईल

(रौप्यमहोत्सवी वर्षातील ‘आपला शेजारी, आपला वक्ता’ या उपक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे ‘परदेशी सहल कशी आखावी’. सेक्रेटरी म्हणाले, काकू, तुम्ही जाऊन आलात, तुम्हीच बोला. म्हटलं, एकदाच गेले हो, तेही एकाच ठिकाणी. तर म्हणाले, बाकीचे जाऊन फोटो टाकतात, तुम्ही फाईल केलीत. हे मात्र खरं आहे. तीस वर्षं बँकेत काढल्यावर फाईल केल्याशिवाय मला गणपतीची वर्गणीसुद्धा देता येत नाही. ती फाईल मी आज सोबत आणली आहे. हिरवी, दोरीवाली.

आमची सहल मॉरिशसची. सहा रात्री, समुद्रकाठचं पंचतारांकित हॉटेल, आम्ही दोघंच. एकूण खर्च आला चार लाखांच्या थोडा आत. आकडा मुद्दाम सांगते, कारण लिफ्टमध्ये मला तो नऊ लाखांपर्यंत गेलेला ऐकू आला आहे. ‘एवढ्यात चारधाम झालं असतं’ हेही ऐकलं. झालं असतं. पण ह्यांना चारधामला पायऱ्या चढवल्या कोणी असत्या?

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, ज्यांना नाही त्यांना सांगायला ह्यांची हरकत नाही, पहिल्या रांगेतच बसलेत. २०२२ साली ह्यांना पार्किन्सन्सचं निदान झालं. आधी उजवा हात, मग चाल. इथे राहायला आलो तेव्हापासून ‘कर्ज फिटू दे, मग जाऊ’, ‘मुलीचं शिक्षण होऊ दे, मग जाऊ’ असं चालू होतं. मध्ये आपल्या मोठ्या दुरुस्तीचा हप्ता आला, तोही आठवतोय ना? निदानानंतर वर्षभराने डॉक्टर म्हणाले, जे करायचं मनात आहे ते ‘मग’वर टाकू नका. घरी येताना रिक्षात आम्ही दोघंही काही बोललो नाही. रात्री जेवताना हे म्हणाले, मला एकदा समुद्रात उभं राहायचंय, पण लाटा नकोत.

लाटा नसलेला समुद्र! गंमत वाटेल, पण असा समुद्र आहे. मॉरिशसच्या बऱ्याचशा किनाऱ्याभोवती प्रवाळाची भिंत आहे. मोठ्या लाटा लांब त्या भिंतीवर फुटतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं राहतं. काही ठिकाणी कमरेइतक्या पाण्यात कितीतरी आत चालत जाता येतं. मालदीवचंही बघितलं होतं. पण तिथे विमानतळावरून पुढे बोट किंवा पाण्यावर उतरणारं विमान, आणि हलत्या बोटीत पाय टाकणं ह्यांना जमण्यातलं नव्हतं. मॉरिशसला विमानातून उतरलं की गाडीने थेट हॉटेलच्या दारात. ठिकाण ठरलं ते या एका कारणाने, फोटो बघून नाही.

आता माझी चूक सांगते. फाईलमध्ये तिचा वेगळा भाग आहे, लाल खुणेचा.

पहिलं बुकिंग मी केलं जानेवारी २०२४ चं. मुलीला तेव्हा रजा होती, ती बरोबर येणार होती, आणि एजंट म्हणाला ऑफर चालू आहे. ऑफर का चालू आहे हे मी विचारलं नाही. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली. आपला हिवाळा तो त्यांचा उन्हाळा, आणि नोव्हेंबर ते एप्रिल हे त्यांचे वादळाचे महिने. १५ जानेवारीला संक्रांत होती. मी तुमच्याकडे तिळगूळ द्यायला आले होते, बॅगा भरून दाराशी ठेवल्या होत्या. परत आले तर टीव्हीवर बेलाल नावाचं चक्रीवादळ. पोर्ट लुईच्या, म्हणजे त्यांच्या राजधानीच्या रस्त्यांवरून गाड्या वाहत होत्या. विमानतळ बंद. आमचं विमान दुसऱ्या दिवशी पहाटेचं, ते रद्द झालं.

तिकिटाचे पैसे विमान कंपनीकडून परत आले. हॉटेलचे ६२ हजार गेले. एजंटने स्वस्त पडावं म्हणून ‘परतावा नाही’ या दराने खोल्या घेतल्या होत्या, आणि ते अक्षर पावतीवर होतं, अगदी खाली, बारीक. मी, जिने आयुष्यभर लोकांना ‘सही करण्यापूर्वी वाचा’ सांगितलं, ती न वाचता सही करून आले. विम्याकडे गेले, तर आमच्या पॉलिसीत नैसर्गिक आपत्तीमुळे रद्द झालेली सहल बसत नव्हती. शिवाय तिथे अजून एक गोष्ट दिसली, तिने मला घामच फुटला. फॉर्म एजंटच्या पोराने भरला होता आणि ‘आधीपासूनचे आजार’ या रकान्यात लिहिलं होतं, नाही. उद्या तिथे ह्यांना काही झालं असतं, हॉस्पिटलात ठेवावं लागलं असतं, तर त्या एका ‘नाही’वर सगळा दावा उडाला असता. ६२ हजार गेले ते त्या मानाने स्वस्तात सुटलो असं मी आता म्हणते. तेव्हा नाही म्हटलं. तेव्हा दोन दिवस जेवले नाही, आणि हे मला म्हणाले, जाऊ दे, आपल्या नशिबात नाही. ते वाक्य मला पैशांपेक्षा जास्त लागलं.

मग फाईल पुन्हा उघडली, आणि या वेळी एजंट नंतर, आधी मी.

महिना ठरवला सप्टेंबरअखेर. तिथला हिवाळा संपत आलेला, पाऊस कमी, वादळ नाही, उकाडा नाही. आपल्या सोसायटीचा गणपती झाल्यावर, कारण आरती चुकवून मी कुठे जाणार नव्हते. मग किनारा. हे ब्रोशरमध्ये कोणी नीट सांगत नाही. त्या महिन्यांत आग्नेयेकडून वारे येतात, म्हणून पूर्वेचा बेल मारचा किनारा कितीही सुंदर असला तरी वाऱ्याचा. पश्चिमेला मधल्या डोंगरांचा आडोसा मिळतो, पाणी शांत. म्हणून आम्ही पश्चिमेचं फ्लिक-आं-फ्लाक घेतलं. उन्हाळ्यात जाणाऱ्याला वाराच हवासा वाटेल, त्याने पूर्व बघावी. बेट एवढंसं, आपल्या ठाणे जिल्ह्याहून लहानच, पण बाजू बदलली की हवा बदलते.

खोलीचं म्हणाल तर शब्द नीट वाचायचे. ‘समुद्र दिसणारी’ खोली म्हणजे गॅलरीत मान वाकडी करून समुद्र दिसतो. ‘समुद्रासमोरची’ वेगळी, ‘किनाऱ्यावरची’ त्याहून वेगळी, आणि दर त्याच क्रमाने चढतो. मी हॉटेललाच ईमेल केला. तळमजला आहे का, खोलीपासून वाळूपर्यंत किती पायऱ्या, न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, अंघोळीची जागा सपाट की टबात चढावं लागतं. दोन हॉटेलांनी गोड गोड उत्तरं दिली, फोटो दिले नाहीत. तिसऱ्याने न्हाणीघराचे चार फोटो पाठवले, एकात खाली कोणाच्या तरी चपला दिसत होत्या. तेच घेतलं. शिवाय ते म्हणाले, लग्नाच्या वाढदिवसाची सवलत आहे, मॅरेज सर्टिफिकेट पाठवा. ३८ वर्षांपूर्वीचं, कडा फाटलेलं सर्टिफिकेट स्कॅन करून पाठवलं. तिकडे कोणी हसलं असेल तर हसो, सवलत मिळाली.

जेवणाचं म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण हॉटेलात, दुपारचं बाहेर. ‘सगळं धरून’ हे पॅकेज महाग, आणि त्यातला मोठा भाग दारूचा असतो. आमच्या घरात त्याचा उपयोग शून्य. दुपारी बाहेर पडलं की रस्त्याच्या कडेला ‘ढोल पुरी’ मिळते. आपल्या पुरणपोळीची तिखट बहीण. आत वाटलेल्या डाळीचं सारण, वर पावट्यासारखी उसळ आणि चटणी, कागदात गुंडाळून देतात. ह्यांनी चार खाल्ल्या.

औषधांचं मात्र थांबून सांगते. ह्यांची गोळी घड्याळावर असते. अर्धा तास उशीर झाला की पाय जमिनीला चिकटतात. मॉरिशस आपल्या दीड तास मागे. मी पहिले दोन दिवस ह्यांचं घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवलं आणि मग अर्ध्या अर्ध्या तासाने सरकवलं. हे डॉक्टरांना विचारून केलं, तुम्हीही विचारूनच करा. गोळ्या दुप्पट घेतल्या, अर्ध्या माझ्या हातातल्या पर्समध्ये, अर्ध्या ह्यांच्या, सामानाच्या बॅगेत एकही नाही. डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासकट. तिथे औषधांबाबत कस्टम कडक आहे, झोपेच्या वगैरे गोळ्या सुट्या नेऊ नका. विमा नव्याने काढला, आजार लिहून. हप्ता वाढला. वाढू दे.

विमानतळावर व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवायची, तिचे पैसे पडत नाहीत. हे आधी तयार नव्हते. मी काय म्हातारा आहे का? मग सुरक्षा तपासणीची रांग बघितली आणि आपणहून बसले. विमानाचा प्रवास सहा तासांचा. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत ते हसतील, सहा तास म्हणजे काय लांब. पण ज्याचा पाय बसल्या जागी आखडतो त्याला सहा तास खूप लांब असतात. कडेची सीट घेतली होती, दर तासाला उठवून दोन चकरा.

व्हिसाला आधी धावाधाव नाही. भारतीय पर्यटकाला तो तिथे उतरल्यावर मिळतो, फुकट. परतीचं तिकीट, हॉटेलचं कागद आणि खर्चाला पैसे आहेत हे दाखवावं लागतं. पॅकेजच्या बिलात टीसीएस दिसेल, त्याने दचकू नका. तो आयकराच्या विवरणात आपल्या नावावर जमा दिसतो, वळता करून घ्यायचा. विसरू मात्र नका.

बाकी बघायचं काय ते तुम्हाला कोणीही सांगेल. शामारेलची सात रंगांची माती, गंगा तलाव, ले मोर्नचा डोंगर. आम्ही सहा दिवसांत बाहेर पडलो फक्त दोनदा. एकदा गंगा तलाव, आणि एकदा पोर्ट लुईचा आप्रवासी घाट. १८३४ पासून करारावर मजूर म्हणून उसाच्या मळ्यांवर नेलेले आपले लोक बोटीतून या घाटावर उतरत. जवळपास पाच लाख माणसं आली. २००६ पासून ती जागा युनेस्कोच्या यादीत आहे. त्यात बिहारकडचे पुष्कळ, पण आपल्या कोकणातलेही होते, रत्नागिरीकडचे. त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात, गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, आणि आपली जाखडी तिथे नाचली जाते.

आमचा टॅक्सीवाला त्यातलाच निघाला. ह्यांचं चालणं बघून त्याने गाडी अगदी दाराशी लावली आणि म्हणाला, ‘सावकाश, काका.’ काका! मी दचकलेच. शाळेत मराठी शिकलोय म्हणाला, घरी मात्र क्रिओल बोलतात. आडनाव विचारलं तर पणजोबांचं पहिलं नाव सांगितलं. बोटीवरून उतरताना नाव विचारलं, तेच पुढे आडनाव झालं. गाव कुठलं ते त्याला ठाऊक नव्हतं. रत्नागिरी, एवढंच. हे रत्नागिरीचे. दोघं घाटाबाहेर बाकावर अर्धा तास बसले होते, काय बोलत होते कोण जाणे. भाड्याचं मीटर चालू नव्हतं, हे मी बघून ठेवलं होतं.

आणि समुद्र. पहिल्या दिवशी वारा होता, नाही गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी, गोळीनंतर पाऊण तासाने, म्हणजे अंग मोकळं असतं तेव्हा, रबरी बूट घालून निघालो. ते बूट इथूनच घेऊन जा, तळाशी प्रवाळाचे तुकडे आणि काटेरी प्राणी असतात. हॉटेलचा एक मुलगा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. तळ दिसत होता. लांबवर भिंतीवर लाटा फुटत होत्या, आवाज येत होता, आमच्याजवळ मात्र काही नाही. हे म्हणाले, हात सोडा. मी नाही सोडला. परत म्हणाले, सोड गं. सोडला. पाणी सगळीकडून धरून असल्यासारखं हे उभे राहिले, दहा मिनिटं असतील. उजवा हात पाण्याखाली होता, त्यामुळे थरथरतोय की नाही ते कळत नव्हतं. मी फोटो काढायचा विसरले. म्हणून ग्रुपवर तो फोटो तुम्हाला दिसला नाही.

त्यानंतर रोज गेलो. सहाव्या दिवशी त्या मुलाची गरज लागली नाही.

गेल्या वर्षीपेक्षा ह्यांचं चालणं आता कमी झालंय, ते तुम्हीही बघताच. लिफ्ट बंद असते त्या दिवशी वॉचमन आणि सी विंगची मुलं खुर्ची घेऊन येतात, त्यांचे आभार इथे मानून घेते. लिफ्टच्या करारावर वार्षिक सभेत बोलेनच.

फाईल सोसायटीच्या ऑफिसात ठेवते आहे. झेरॉक्स काढून घ्या, मूळ कागद परत लावा. लाल खुणेचा भाग आधी वाचा. प्रश्न असतील तर चहाच्या वेळी विचारा. चहाचंही एक सांगते. माझी आजी पांढऱ्या साखरेला ‘मोरस’ म्हणायची. पूर्वी ती साखर मॉरिशसहून यायची म्हणून ते नाव, हे मला फाईल करताना कळलं. तिथून येताना दोन किलो आणली होती, त्यातली एक पिशवी आजसाठी जपून ठेवली होती. रंगाने जरा तपकिरी आहे, बिघडलेली नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी दुसरी किटली डावीकडे आहे.