राणीच्या गालावरचा डाग

मंडळी, आजोबांचा १८८५चा व्हिक्टोरिया रुपया मी इथे अमेरिकेत ग्रेडिंगला पाठवला. प्लॅस्टिकच्या सीलबंद स्लॅबमध्ये, ग्रेडसकट परत आला. म्हटलं, चला, काळजी मिटली! चार वर्षांनी पाहतो, तर राणीच्या गालावर हिरवट, चिकट डाग.

सिल्व्हर ईगलवर दुधाळ पांढरे ठिपके येतात, ते वेगळे. हा प्रताप आमच्याच जुन्या मऊ पीव्हीसी पाकिटाचा. त्याचा अंश नाण्यावर आधीच बसलेला, तेव्हा दिसला नाही इतकंच. स्लॅब काही पूर्ण हवाबंद नसतो. आतलं रसायन चालूच राहतं.

शुद्ध ॲसिटोनने हा थर निघतो. (नेलपॉलिश रिमूव्हर नको हं!) पण त्यासाठी स्लॅब फोडायचा, म्हणजे ग्रेड गेला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आहे तसा विकून टाका." मी फोडला. डाग गेला, गालावर बारीक खड्डे मात्र राहिलेत.