स्वरांच्या पोथ्या : जुन्या ध्वनिमुद्रिकांचा संग्रह आणि जतन

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा लेखी पाठ)



ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून ग्रामोफोनच्या तबकड्यांविषयी बोलणे काहींना विषयांतर वाटण्याचा संभव आहे. बडोद्याच्या भूमीवर तरी ही शंका फार काळ टिकू नये. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून संस्थानात ग्रंथालयांची चळवळ उभी केली. फिरत्या ग्रंथपेट्या खेडोपाडी गेल्या, आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्नच्या चित्रांची सोय करण्यात आली. ज्ञान ज्या रूपात असेल त्या रूपात ते लोकांपर्यंत पोहोचवावे, ही त्या चळवळीची दृष्टी होती. त्या दृष्टीने पाहता ध्वनिमुद्रिका ही देखील एक पोथीच ठरते. तिच्यात अक्षरांच्या जागी स्वर आहेत, एवढाच भेद.

ही पोथी हाती नसली म्हणजे काय गमावते, याची साक्ष याच नगरीच्या संगीतेतिहासात सापडते. गायनाचार्य भास्करबुवा बखले यांना बडोद्यात फैज महंमद खाँ यांची तालीम लाभली. बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव यांच्यासारखे शिष्य त्यांनी घडवले. १९२२ साली ते निवर्तले, तेव्हा भारतात ध्वनिमुद्रण सुरू होऊन वीस वर्षे लोटली होती. तरीही त्यांच्या गायनाची एकही तबकडी आज उपलब्ध नाही. त्यांच्या गाण्याची थोरवी आठवणींतून आणि शिष्यांच्या गळ्यांतून अनुमानाने जाणावी लागते. याउलट मौलाबक्षांचे दौहित्र इनायत खाँ पाहा. त्यांचा जन्म १८८२ साली बडोद्यातच झाला. १९०९ साली त्यांनी कलकत्त्यास ध्वनिमुद्रण केले आणि १९१० साली ते अमेरिकेस गेले. पुढे जगाने त्यांना सूफी तत्त्वज्ञ म्हणून ओळखले. परंतु त्यांच्यातील तरुण गवई कसा होता, हे आज शतकानंतरही ऐकता येते. एकाचा स्वर उरला, एकाचा विरला. मधला फरक काही लाखेच्या तबकड्यांचा आहे.

भारतातील या कथेचा आरंभ १९०२ सालचा. फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक त्या वर्षी कलकत्त्यास आला आणि गौहरजान यांचे गाणे मेणाच्या पाटीवर उतरले. मुद्रणाची पाटी जर्मनीतील हॅनोवर येथे जाई आणि तबकड्या तिथे छापल्या जात. गायिकेची ओळख पटावी म्हणून गाण्याच्या शेवटी गौहरजान इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारीत. १९०८ साली कलकत्त्यास सियालदह येथे कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच छापल्या जाऊ लागल्या. आरंभीच्या मुद्रणात वीज नव्हती. गवयाने कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे, त्या हवेच्या आघाताने पडदा कापावा आणि सुईने मेणावर नागमोडी रेघ ओढावी, असा तो प्रकार. १९२५ पासून विद्युत ध्वनिमुद्रण आले, मायक्रोफोन आला आणि मृदू आवाजालाही न्याय मिळू लागला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत. ज्या पदाला रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ मिळत अर्धा तास लागे, ते त्या तीन मिनिटांत बसवावे लागे. या मर्यादेने रागविस्तार आक्रसला हे खरे. परंतु त्याच मर्यादेत अब्दुल करीम खाँ किंवा फैयाज खाँ यांच्यासारख्यांनी रागाचा अर्क काढून दाखवला, हेही तितकेच खरे.

आता कोणी म्हणेल, ही गाणी भ्रमणध्वनीवर क्षणात ऐकता येतात. मग या जड, ठिसूळ चकत्यांचा भार कशासाठी वाहायचा? याचे उत्तर बडोद्याच्याच प्राच्यविद्या मंदिराने दिलेले आहे. वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती तिथे सिद्ध झाली. तिचे खंड १९६० ते १९७५ या काळात प्रसिद्ध झाले. बाजारात रामायणाच्या छापील प्रती विपुल असतानाही पंडितांनी जुनी हस्तलिखिते गोळा करून पाठभेद ताडून पाहिले, कारण नकलेची नक्कल होताना पाठ बदलतो. ध्वनीचेही तसेच आहे. ‘७८ फेऱ्यांची’ म्हणून ओळखली जाणारी प्रत्येक जुनी तबकडी नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेली नाही; आरंभकाळात वेग बराच कमीअधिक असे. समजा, एखादे गाणे मिनिटाला ७४ फेऱ्यांवर मुद्रित झाले आणि नक्कल करणाऱ्याने ते ७८ वर वाजवले, तर स्वर जवळजवळ अर्ध्या पट्टीने चढतो. काळी एकचा गवई पांढरी दोनच्या आसपास गाऊ लागतो, लयही वाढते आणि आवाजाचा पोत पातळ होतो. खरखर काढून टाकण्याच्या उत्साहात तंबोऱ्याचा झंकारही पुसला जातो. अशा वेळी मूळ तबकडी जवळ असेल तरच नव्याने तपासणी करता येते. शिवाय तिच्या मधल्या कागदावर गायकाचे, रागाचे, नाटकाचे नाव असते, आणि त्या कागदालगतच्या कोऱ्या वर्तुळात मुद्रणाचा क्रमांक कोरलेला असतो. गाण्याचा काळ ठरवताना तो क्रमांक शिलालेखासारखा उपयोगी पडतो.

ही तबकडी जपण्याआधी तिची प्रकृती ओळखली पाहिजे. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या. लाखेत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून त्या घडवल्या जात. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा पडला. अमेरिकेत १९४२ साली तिच्या वापरावर निर्बंध आले आणि जुन्या तबकड्या वितळवण्यासाठी परत मागवल्या गेल्या. त्या भट्टीत किती स्वर गेले असतील, कोण सांगणार! १९४८ साली ३३⅓ फेऱ्यांची, विनाइल या प्लॅस्टिकची दीर्घवादी तबकडी आली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले आणि ख्यालाला पुन्हा पाय पसरायला जागा मिळाली.

लाख आणि विनाइल यांचे पथ्य निरनिराळे आहे. सुतार लाकडाला जे चकचकीत पॉलिश देतो ते स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाखच असते. म्हणून लाखेच्या तबकडीवर स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेले कोणतेही द्रव्य लावणे म्हणजे तिचा पृष्ठभाग विरघळवणे. उर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकून, मधला कागद कोरडा राखून, खाचेच्या दिशेने मऊ कापडाने ती हळुवार पुसावी, स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसून घ्यावी आणि सावलीत वाळवावी. लाख आपटली की फुटते. विनाइल उन्हाने वाकते. दोन्ही उभ्या ठेवाव्यात. आडव्या रचू नयेत, तिरक्या टेकवू नयेत. दहा इंची लाखेची तबकडी साधारण २०० ग्रॅम भरते, म्हणजे शंभर तबकड्यांचा भार वीस किलोंच्या घरात जातो. पुस्तकांचे कपाट तो पेलेलच असे नाही. पावसाळ्यातील दमट हवेत बुरशी धरते, म्हणून हवा खेळती हवी आणि कागदी पाकिटे कोरडी हवीत.

तबकडीइतकीच काळजी यंत्राचीही घ्यावी लागते. चावीच्या ग्रामोफोनमध्ये पोलादी सुई प्रत्येक बाजूला बदलावी, असा दंडक होता. त्यामागे कारण होते. तबकडीतील दगडाची पूड सुईला घासून खाचेच्या आकाराची करते. झिजलेली सुई पुन्हा वापरली की तिची धार खाच कापू लागते. या यंत्राच्या साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमहून अधिक असतो. आधुनिक रेकॉर्ड प्लेयरची हिऱ्याची सुई दीड ते तीन ग्रॅम भाराने चालते. म्हणून विनाइलची तबकडी चावीच्या ग्रामोफोनवर लावणे म्हणजे तिचा एका फेरीत घात करणे होय. उलट, दीर्घवादी तबकडीची बारीक सुई ७८ च्या रुंद खाचेच्या तळाशी लोळते आणि स्वरांऐवजी धूळ वाचते. लाखेच्या खाचेला सुमारे ७५ मायक्रॉनचे टोक लागते, दीर्घवादीला १८ ते २५ मायक्रॉनचे. दुर्मीळ प्रत तर चावीच्या यंत्रावर लावूच नये. योग्य सुईच्या, हलक्या हाताच्या यंत्रावर ती एकदा वाजवून तिची नक्कल करावी आणि पुढे ऐकण्यासाठी नक्कल वापरावी.

यंत्र बंद ठेवताना चावी भरलेली ठेवू नये. स्प्रिंग उलगडू द्यावी. स्प्रिंगच्या डबीत जुने वंगण घट्ट झाले की यंत्र धक्के देत चालते. ती डबी मात्र जाणकारानेच उघडावी, कारण गुंडाळलेली स्प्रिंग सुटली तर हाताला गंभीर इजा होते. विजेच्या यंत्रात रबराची चाके आणि पट्टे कडक होतात; ते बदलावेत. मधल्या दांड्याला थेंबभर तेल द्यावे, यंत्र समपातळीवर ठेवावे. वेग तपासण्याची युक्ती सोपी आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर जळणाऱ्या साध्या दिव्याखाली ७७ समान रेघांची कागदी चकती फिरवली आणि रेघा स्थिर दिसल्या, तर वेग ७८ च्या अगदी जवळ आहे असे समजावे. ३३⅓ साठी १८० रेघा लागतात.

संग्राहक आणि साठेबाज यांत भेद आहे. दुर्मीळतेच्या हव्यासाने तबकड्या कुलूपबंद करणारा साठा करतो. नोंद ठेवणारा संग्रह करतो. क्रमांक, गायक, राग, नाटक, आकार, अवस्था आणि देणगीदार एवढ्या नोंदी केल्या तरी ढिगाऱ्याचे ग्रंथालय होते. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांच्या संस्थेने हेच शिस्तीचे वळण लावले. कायद्याची बाजूही अवघड नाही. ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. गीतकार आणि संगीतकार यांचे हक्क मात्र त्यांच्या निधनानंतर ६० वर्षे चालतात, हे पाहून नकला कराव्यात.

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी अवकाशात गेली. गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवी तिच्यात आहे. दुसरे यान झेपावल्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर रोजी, केसरबाई निवर्तल्या. पाठवणाऱ्या शास्त्रज्ञांनी तबकडीबरोबर ती वाजवण्याची सुई दिली आणि वेगाचे आकृतिरूप निर्देशही वेष्टनावर कोरले. वाचण्याचे साधन नसेल तर पोथी मुकी राहते, हे त्यांनी जाणले होते.

महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी कुटुंबांनी नाट्यपदांच्या तबकड्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या, कारण नाटक मंडळी वर्षातून एकदा येत आणि बाकीचे दिवस ही तबकडीच घरात मराठी गात असे. आज जुने वाडे पडत आहेत, माळे रिकामे होत आहेत आणि तबकड्या रद्दीच्या तराजूत जात आहेत. शंभर वर्षे पुस्तके सांभाळणाऱ्या या वाचनालयाने एक कोरडे, भक्कम कपाट, एक नीट जुळवलेले यंत्र आणि एक नोंदवही एवढी सिद्धता केली, तर सभासदांच्या घरांतील हा ठेवा विसावा घेऊ शकेल. सभासदांनीही माळ्यावरची पेटी रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा वाचनालयाच्या दारी आणावी. भास्करबुवांच्या बाबतीत वेळ टळून गेली. जे स्वर अद्याप घराघरांत शिल्लक आहेत, त्यांच्या बाबतीत ती टळलेली नाही.